कन्सल्टिंग कंपनीतली नोकरी: मोठं नाव, चांगला पगार आणि टाइमशीटमध्ये न दिसणारे तास

सप्टेंबर 2024 मध्ये एका आईचं पत्र देशभर फिरलं. तिची 26 वर्षांची मुलगी सीए होती. त्याच वर्षी मार्चमध्ये ती पुण्यात, ईवाय या जागतिक कंपनीच्या साखळीतल्या एका फर्ममध्ये रुजू झाली आणि जुलैमध्ये तिचा मृत्यू झाला. कामाच्या ओझ्याखाली मुलगी पिचून गेली, असं आईनं कंपनीच्या भारतातल्या प्रमुखांना लिहिलं होतं. मृत्यूमागे कामाचा ताण आहे, हे कंपनीनं मान्य केलं नाही. केंद्रीय कामगार मंत्रालयानं चौकशी जाहीर केली आणि राज्याच्या कामगार खात्याचे अधिकारी पुण्यातल्या ऑफिसात तपासणीला पोहोचले.

तरीही इंजिनिअरिंग, एमबीए किंवा सीए करणाऱ्या मुलामुलींना 'कुठे नोकरी हवी?' असं विचारलं, तर याच प्रकारच्या कंपन्यांची नावं आजही यादीत वर असतात. डेलॉइट, ईवाय, पीडब्ल्यूसी, केपीएमजी, ॲक्सेंचर, मॅकिन्झी. घरच्यांनाही ही नावं आवडतात. स्थळाच्या बायोडेटात ती चांगली दिसतात.

या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा, याचं उत्तर या कंपन्या पैसे कसे कमावतात त्यात आहे.

कन्सल्टिंग म्हणजे नेमकं करतात काय?

हा प्रश्न या क्षेत्रातल्या प्रत्येकाला दिवाळीत एखादा काका किंवा मावशी विचारतेच. सोपं उत्तर असं: एखाद्या कंपनीला किंवा सरकारी खात्याला एक अडचण असते. ती सोडवायला घरात माणसं नसतात, वेळ नसतो, किंवा घरातल्या माणसांनी सांगितलेलं वरिष्ठांना पटत नसतं. मग बाहेरून काही आठवड्यांसाठी किंवा महिन्यांसाठी टीम आणली जाते. ही टीम आकडे गोळा करते, लोकांशी बोलते, तुलना करते आणि शेवटी काय करावं ते सांगते. कधी ते प्रत्यक्ष करूनही देते.

पण 'कन्सल्टिंग कंपनी' या एकाच पाटीखाली निदान तीन वेगवेगळ्या नोकऱ्या आहेत आणि ऑफर लेटर हातात आल्यावर होणारा पहिला गोंधळ इथलाच असतो.

पहिला प्रकार स्ट्रॅटेजी फर्मचा. मॅकिन्झी (स्थापना 1926, शिकागो), बोस्टन कन्सल्टिंग ग्रुप (1963) आणि बेन (1973) ही यातली तीन मोठी नावं. कंपनीनं कोणत्या धंद्यात पडावं, कोणता कारखाना बंद करावा, असे प्रश्न इथे येतात. टीम छोट्या, फी प्रचंड आणि प्रवेश फार थोड्यांना. भारतात बहुतेक भरती आयआयटी, आयआयएम आणि मोजक्या कॉलेजांतून होते.

दुसरा प्रकार 'बिग फोर'चा, म्हणजे डेलॉइट, पीडब्ल्यूसी, ईवाय आणि केपीएमजी. यांचं मूळ हिशेब तपासणीत, म्हणजे ऑडिटमध्ये आहे. पूर्वी हे पाच होते. अमेरिकेतल्या एन्रॉन कंपनीचा घोटाळा उघड झाल्यावर तिचं ऑडिट करणारी आर्थर अँडरसन ही फर्म 2002 मध्ये कोसळली आणि चार उरले. त्याच अँडरसनच्या कुटुंबातून आधीच वेगळी झालेली सल्लागार शाखा 1 जानेवारी 2001 पासून ॲक्सेंचर या नावानं ओळखली जाते. भारतात परदेशी फर्मला स्वतःच्या नावानं ऑडिट करता येत नाही. त्यामुळे एस. आर. बाटलीबॉय ही ईवायशी जोडलेली फर्म, बीएसआर ही केपीएमजीशी जोडलेली, अशी रचना असते. टॅक्स, ऑडिट, जोखीम, विलीनीकरण, सायबर सुरक्षा, सरकारी प्रकल्प असं सगळंच इथे चालतं.

तिसरा प्रकार डिलिव्हरी सेंटरचा आणि महाराष्ट्रातल्या मुलांच्या वाट्याला बहुतेक वेळा हाच येतो. कंपनीचं नाव तेच, लोगो तोच, पण काम अमेरिकेतल्या किंवा युरोपातल्या टीमसाठी भारतातून करायचं. पुण्या-मुंबईतल्या ऑफिसात बसून शिकागोतल्या क्लायंटचं टॅक्स रिटर्न तयार करायचं, एखाद्या बँकेची सॅप किंवा सेल्सफोर्सची प्रणाली बसवायची, प्रेझेंटेशनसाठी लागणारं संशोधन करायचं. ॲक्सेंचरचे जगभरात 7 लाखांहून अधिक कर्मचारी आहेत आणि त्यातले 3 लाखांहून अधिक भारतात. यातले बहुतेक लोक कुठल्याही कंपनीच्या संचालक मंडळासमोर सल्ला द्यायला जात नाहीत.

तिन्हींचे पगार वेगळे, वेळा वेगळ्या, पुढच्या वाटाही वेगळ्या. 'मी अमुक कंपनीत लागलो' या वाक्यातून त्यातलं काहीच कळत नाही.

पैसा येतो कुठून?

सल्लागार कंपनीकडे कारखाना नसतो, गोदाम नसतं. विकायला असतात ते माणसांचे तास. म्हणून सगळी रचना पिरॅमिडसारखी असते. तळाला ॲनालिस्ट आणि असोसिएट, त्यावर कन्सल्टंट, मॅनेजर, मग डायरेक्टर आणि टोकाला पार्टनर. पार्टनर हा नुसता वरिष्ठ नोकर नसतो. फर्मच्या नफ्यात त्याचा वाटा असतो. त्याचं मुख्य काम क्लायंट आणणं आणि सांभाळणं. प्रत्यक्ष काम तळाची माणसं करतात.

एक उदाहरण घेऊ. आकडे फक्त समजण्यासाठी आहेत. समजा एका कंपनीनं 8 आठवड्यांच्या कामासाठी 60 लाख रुपये द्यायचं ठरवलं. टीममध्ये एक मॅनेजर आणि तीन ॲनालिस्ट. पार्टनर आठवड्यातून काही तास येणार. ॲनालिस्टवर महिन्याला एक लाख खर्च होतो असं धरलं, तर तिघांचे दोन महिन्यांचे 6 लाख. मॅनेजरचे महिन्याला 3 लाख धरले तर आणखी 6. म्हणजे काम करणाऱ्या चौघांवर 12 लाख. उरलेल्या 48 लाखांतून ऑफिस, प्रवास, विमा, प्रशिक्षण, सध्या ज्यांच्याकडे काम नाही अशांचे पगार आणि पार्टनरांचा नफा निघतो.

आता काम वाढलं. क्लायंटनं आयत्या वेळी 'हेही बघा ना' म्हणून दोन गोष्टी जोडल्या. फी ठरलेली आहे, ती वाढत नाही. माणूस वाढवला तर नफा घटतो. पण आहेत त्याच तीन ॲनालिस्टनी रोज 9 ऐवजी 13 तास काम केलं तर? त्यांचा पगार महिन्याचा आहे. वरचे चार तास कंपनीला फुकट पडतात.

उशिरापर्यंत थांबण्याचं मूळ इथे आहे. अनेकदा त्याचा दोष एखाद्या खडूस मॅनेजरला दिला जातो आणि काही मॅनेजर खरोखर तसे असतातही. पण चांगला मॅनेजरही याच गणितात अडकलेला असतो. प्रकल्पाचं बजेट वर गेलं तर वर्षअखेरीस उत्तर त्याला द्यावं लागतं.

टाइमशीटची गोष्ट

या कंपन्यांत प्रत्येकाला रोज किंवा आठवड्याला टाइमशीट भरावी लागते. कोणत्या प्रकल्पाच्या कोडवर किती तास घातले, याची नोंद. क्लायंटच्या खात्यावर लावता येतील असे तास ते 'बिलेबल' किंवा 'चार्जेबल'. एकूण तासांपैकी किती तास असे लागले, त्याच्या टक्केवारीला युटिलायझेशन म्हणतात. प्रत्येक पदाला त्याचं लक्ष्य ठरलेलं असतं आणि वर्षाच्या रेटिंगमध्ये ते मोजलं जातं.

कागदावर ही पद्धत कर्मचाऱ्याच्या बाजूची वाटते. जास्त तास काम केलं तर त्याची नोंद राहील, नाही का?

प्रत्यक्षात अनेक टीममध्ये उलटं होतं. आठवड्यात 60 तास काम झालं आणि ते सगळे टाइमशीटवर टाकले, तर प्रकल्प बजेटबाहेर गेलेला दिसतो. मग कुणीतरी हळूच सुचवतं, 'चाळीसच टाक.' कधी कुणी सुचवतही नाही. नवीन मुलगी स्वतःच विचार करते की आपल्याला वेळ जास्त लागला म्हणजे आपणच हळू आहोत, आणि कमी तास लिहून मोकळी होते. परदेशातल्या फर्ममध्येही ही सवय जुनी आहे. तिकडे त्याला 'तास गिळणं' म्हणतात.

याचा परिणाम नुसता एका महिन्यापुरता नसतो. टाइमशीटवर 40 तास लागल्यामुळे पुढच्या वर्षी तसंच काम पुन्हा 40 तासांत बसवून विकलं जातं. पुढची टीम पुन्हा 60 तास घालते. आणि जादा काम झाल्याचा एकमेव लेखी पुरावा ज्याच्याकडे असायला हवा होता, त्यानंच तो आपल्या हातानं पुसलेला असतो.

याच्या दुसऱ्या टोकाला 'बेंच' आहे. प्रकल्प संपला, नवा मिळाला नाही, की माणूस बेंचवर. एक आठवडा आराम वाटतो. तिसऱ्या आठवड्यात पोटात गोळा येतो, कारण युटिलायझेशन रोज खाली जात असतं. नवा प्रकल्प मिळवणं ही बऱ्याच ठिकाणी कर्मचाऱ्याची स्वतःची जबाबदारी असते. त्यासाठी मॅनेजरांना मेल टाका, ओळखी काढा, 'मी मोकळा आहे' असं सांगत फिरा. आत्ताच्या प्रकल्पात कितीही त्रास झाला तरी मॅनेजरशी वाकडं न घेण्यामागे हेही कारण असतं. पुढचं काम त्याच्याच शब्दावर मिळणार असतं.

मग लोक जातात का?

कारण मिळतंही खूप आणि ते त्याच रचनेतून मिळतं.

तळाच्या माणसांकडूनच काम करून घ्यायचं असल्यामुळे जबाबदारी फार लवकर अंगावर पडते. एरवी कारखान्यात किंवा बँकेत नवीन माणसाला दोन वर्षं एकाच टेबलावर काढावी लागतात. इथे 24 वर्षांची ॲनालिस्ट चार महिने चाकणच्या वाहन-सुट्याभागांच्या कारखान्यात असते, पुढचे चार महिने एखाद्या विमा कंपनीत आणि त्यापुढचे एखाद्या सरकारी खात्यात. तीन वर्षांत पाच-सहा धंदे आतून बघायला मिळतात. प्रश्न तुकड्यांत कसा तोडायचा, कोणती माहिती कुणाकडे मागायची, दहा पानांचं म्हणणं एका पानात कसं मांडायचं, एक्सेलमधली चूक दुसऱ्यानं दाखवण्याआधी कशी पकडायची, ही कामं हातात बसतात. पुढे कुठेही गेलं तरी ती उपयोगी पडतात.

मराठी माध्यमातून किंवा छोट्या गावातून आलेल्या मुलांसाठी यात आणखी एक गोष्ट आहे. लातूर किंवा जळगावहून पुण्यात शिकायला आलेल्या मुलाला विषय येत असतो, पण भर मीटिंगमध्ये इंग्रजीत चार वाक्यं बोलताना घाम फुटतो. इथे पहिल्या महिन्यापासून क्लायंटसमोर बोलावंच लागतं. सुरुवातीचे सहा महिने वाईट जातात. ज्या टीममध्ये वरिष्ठ सांभाळून घेतात तिथे वर्षभरात तोच मुलगा परदेशातल्या डायरेक्टरला 'तुमचा आकडा चुकलाय' असं शांतपणे सांगू लागतो. जिथे उच्चारावरून हसू उडतं, तिथे तो आणखी गप्प होतो. म्हणजे फायदा आहे, पण तो कंपनीच्या नावावर नाही, टीमवर अवलंबून आहे.

नावाचा उपयोग मात्र नक्की होतो. सुंदर पिचाई गुगलच्या आधी मॅकिन्झीत होते, इंद्रा नूयी पेप्सिकोच्या कितीतरी आधी बोस्टन कन्सल्टिंग ग्रुपमध्ये. ही टोकाची उदाहरणं झाली. साध्या पातळीवरही बिग फोरमध्ये दोन-तीन वर्षं काढलेल्या सीएला कंपन्यांच्या वित्त विभागात सहज बोलावणं येतं. परदेशी कंपन्यांनी पुण्यात खराडी, बाणेर, हिंजवडी पट्ट्यात स्वतःची केंद्रं उघडली आहेत. तिथल्या भरतीतही हा शिक्का चालतो. जुने सहकारी पुढे वेगवेगळ्या कंपन्यांत वरच्या पदांवर पोहोचतात. त्यांचे फोन नंबर हीच एक मिळकत असते. फर्मलाही ते हवंच असतं, कारण गेलेला माणूस उद्या क्लायंट म्हणून परत येतो.

शिवाय आरोग्य विमा, 26 आठवड्यांची मातृत्व रजा, प्रमाणपत्र परीक्षांचे पैसे, काही भूमिकांत घरून काम, परदेशातल्या ऑफिसात बदलीची शक्यता. छोट्या सीए फर्ममध्ये आर्टिकलशिप केलेल्या कुणालाही विचारा. वेळेवर जमा होणारा पगार आणि सुट्टीचा अर्ज भरायला असलेलं ॲप हीसुद्धा काही लहान गोष्ट नाही.

घड्याळ, प्रवास आणि रेटिंग

डिलिव्हरी सेंटरमधल्या नोकरीत वेळेचं गणित अगदी सरळ आहे. न्यूयॉर्कमध्ये सकाळचे 9 वाजतात तेव्हा पुण्यात उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेसहा वाजलेले असतात आणि हिवाळ्यात साडेसात. म्हणजे तिकडच्या टीमचा दिवस सुरू होतो, तेव्हा इकडचा संपायला हवा. पण तसं होत नाही. तिकडचा मॅनेजर त्याच्या दुपारी, म्हणजे इथे रात्री अकराला, 'एक छोटा बदल' सुचवतो आणि सकाळी तो तयार मिळेल, अशी त्याची अपेक्षा असते. त्याच वेळी इथल्या मॅनेजरचा सकाळी साडेनऊचा कॉल असतोच. नियमित रात्रपाळीपेक्षा हे वाईट, कारण याला पाळी म्हणत नाहीत, त्यामुळे भत्ताही नसतो आणि दुसऱ्या दिवशीची सुट्टीही.

ऑडिटमध्ये ताण हंगामी असतो. मार्च संपला की एप्रिल-मे आणि पुढे टॅक्स ऑडिटच्या मुदतीपर्यंतचे आठवडे अंगावर येतात. स्ट्रॅटेजीत आणि प्रत्यक्ष क्लायंटच्या जागेवर जाऊन करायच्या कामात प्रवास असतो. सोमवारी पहाटेचं विमान, गुरुवारी रात्री परत. पहिल्या वर्षी हॉटेल आवडतं. घरात लहान मूल किंवा आजारी आई-वडील असतील तर हेच वेळापत्रक सांभाळणं अशक्य होतं. मधल्या पदांवरून स्त्रिया मोठ्या प्रमाणात बाहेर का पडतात, याचं बरंचसं उत्तर या सोमवार ते गुरुवारमध्ये मिळतं.

मग येते वर जाण्याची शर्यत. पिरॅमिडचा तळ रुंद आणि टोक अरुंद, त्यामुळे सगळे वर जाऊ शकत नाहीत. स्ट्रॅटेजी फर्ममध्ये 'वर जा नाहीतर बाहेर पडा' हा नियमच आहे. ठरलेल्या काळात बढती झाली नाही, तर दुसरी नोकरी शोधायला सांगितलं जातं. बहुतेक वेळा सौजन्यानं, कधी काही महिन्यांचा पगार देऊन. बिग फोरमध्ये नियम इतका उघड नसतो, पण रेटिंगमध्ये सगळ्यांना पहिला नंबर देता येत नाही. चांगलं काम करूनही 'सरासरी' शिक्का बसू शकतो. मंदी आली की आकडे आणखी कोरडे होतात. मार्च 2023 मध्ये ॲक्सेंचरनं जगभरात 19 हजार पदं कमी करण्याची घोषणा केली होती.

एक तोटा असा आहे की तो रुजू होईपर्यंत बहुतेकांना माहीतच नसतो. ऑडिट करणाऱ्या फर्ममध्ये नोकरी असेल तर शेअर बाजारात मनासारखी गुंतवणूक करता येत नाही. फर्म ज्या कंपन्यांचं ऑडिट करते त्यांचे शेअर ठेवण्यावर बंधनं असतात. ती पद आणि कामानुसार बदलतात आणि बऱ्याचदा पती किंवा पत्नीच्या खात्यालाही लागू होतात. हिशेब तपासणाऱ्याचा त्या कंपनीत पैसा नसावा, हे योग्यच आहे. पण बाबांनी मुलाच्या नावावर वर्षानुवर्षं जमवलेले शेअर नोकरी लागल्यावर विकावे लागले, की घरात प्रश्न विचारले जातात.

सल्ला चुकला तर?

सल्लागार निघून जातो आणि परिणाम मागे राहतात, ही या क्षेत्रावरची जुनी तक्रार आहे. पंचवीस वर्षं मशीनवर काम केलेल्या फोरमनला बाहेरून आलेली तिशीच्या आतली टीम खर्चकपातीचा तक्ता दाखवते, तेव्हा त्याच्या मनात काय येत असेल हे वेगळं सांगायला नको. त्या तक्त्यातल्या अर्ध्या कल्पना त्यानंच मुलाखतीत सांगितलेल्या असतात, हेही बऱ्याचदा खरं असतं.

काही वेळा प्रश्न याहून गंभीर असतो. अमेरिकेत व्यसन लावणाऱ्या वेदनाशामक गोळ्यांची विक्री वाढवण्याचा सल्ला पर्ड्यू फार्मा या कंपनीला दिल्याबद्दल मॅकिन्झीनं 2021 मध्ये तिथल्या राज्यांशी 57 कोटी 30 लाख डॉलरची तडजोड केली. डिसेंबर 2024 मध्ये अमेरिकेच्या न्याय खात्याशी आणखी 65 कोटी डॉलरची. ऑस्ट्रेलियात पीडब्ल्यूसीच्या एका माजी पार्टनरनं सरकारच्या कर धोरणाची गोपनीय माहिती फर्ममध्ये इतरांना दिल्याचं प्रकरण 2023 मध्ये पेटलं. शेवटी फर्मला आपला सरकारी सल्ल्याचा तिथला व्यवसाय अवघ्या 1 ऑस्ट्रेलियन डॉलरला विकावा लागला.

तळाच्या ॲनालिस्टचा अशा निर्णयांत हात नसतो. पण ज्या कामावर नेमलं ते नाकारण्याची सोय किती आहे, हा प्रश्न त्याच्यापुढेही येतोच. काही फर्ममध्ये तंबाखू, दारू किंवा शस्त्रास्त्रांच्या प्रकल्पांना नाही म्हणता येतं. बेंचवर तीन आठवडे काढलेल्या माणसाला ते किती सहज जमेल, हा वेगळा मुद्दा.

कायदा काय म्हणतो?

महाराष्ट्रात ऑफिसांना 2017 चा दुकाने व आस्थापना कायदा लागू होतो. त्यात रोज 9 आणि आठवड्याला 48 तासांची मर्यादा घातली गेली आणि त्यापुढच्या कामाला दुप्पट दरानं मोबदला ठरला. सप्टेंबर 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळानं रोजची मर्यादा 10 तासांवर आणि तीन महिन्यांतल्या ओव्हरटाइमची मर्यादा 125 वरून 144 तासांवर नेण्याचा निर्णय घेतला.

पण गोपनीय, व्यवस्थापकीय किंवा देखरेखीच्या पदांवरच्या लोकांना या कायद्यातून वगळलेलं आहे. कन्सल्टिंगमध्ये दुसऱ्या वर्षीच नावापुढे 'सीनियर' लागतं, हाताखाली एक इंटर्न येतो आणि 'असिस्टंट मॅनेजर'चं कार्ड छापलं जातं. हे पद कायद्याच्या नजरेत व्यवस्थापकीय की नुसतं नावापुरतं, हे ठरवायला कामाचं स्वरूप पाहावं लागतं. आणि किती तास काम झालं हे सिद्ध करायला नोंद लागते. इथे पुन्हा टाइमशीटवर लिहिलेले ते 40 तास आडवे येतात.

पुण्यातल्या ईवायच्या ऑफिसची 2024 मध्ये तपासणी झाली, तेव्हा वेगळीच गोष्ट समोर आली. ऑफिस 2007 पासून सुरू असूनही या कायद्याखालची नोंदणीच त्याच्याकडे नव्हती, असं कामगार खात्यानं सांगितलं. कंपनीनं फेब्रुवारी 2024 मध्ये अर्ज केला होता आणि इतक्या उशिरा आल्यामुळे खात्यानं तो फेटाळला होता. सतरा वर्षांत त्या ऑफिसची नोंदणी कुणी तपासली नव्हती, असाच याचा अर्थ होतो.

आता यात एआय आलं आहे

माहिती गोळा करणं, तक्ते बनवणं, पहिला मसुदा लिहिणं ही पिरॅमिडच्या तळाची कामं. नेमकी हीच कामं एआय करू लागलं आहे. मॅकिन्झीनं 2023 मध्येच 'लिली' नावाचं स्वतःचं साधन कर्मचाऱ्यांच्या हातात दिलं. ऑक्टोबर 2025 मध्ये डेलॉइटच्या ऑस्ट्रेलियातल्या फर्मला एका सरकारी अहवालाच्या पैशांतला काही भाग परत करावा लागला. त्या अहवालात अस्तित्वात नसलेले संदर्भ सापडले होते आणि तो बनवताना एआय वापरलं होतं.

नव्यानं येणाऱ्यासाठी याचा अर्थ दुहेरी आहे. तळाच्या जागा कमी होऊ शकतात. ज्यांना जागा मिळेल त्यांच्याकडून कामाचा वेग जास्त मागितला जाईल आणि मशीननं केलेली चूक पकडण्याची जबाबदारीही त्यांचीच असेल. पण चूक पकडायला लागणारी नजर पूर्वी तक्ते हातानं बनवूनच तयार होत होती. ती आता कुठून येणार, यावर फर्मकडेही अजून नीट उत्तर नाही.

ऑफर हातात असेल तर

शैक्षणिक कर्ज डोक्यावर असलेल्या मुलाला 'आधी जीव सांभाळ' असा सल्ला देणं सोपं आहे. कर्जाचा हप्ता काही थांबत नाही. त्यामुळे घ्यायची की नाही यापेक्षा नेमकी कोणती नोकरी घेतोय, हे तपासणं जास्त उपयोगाचं.

ऑफर लेटरवरच्या कंपनीचं पूर्ण कायदेशीर नाव वाचा. भारतातली फर्म, परदेशी टीमसाठीचं सेवा केंद्र आणि ऑडिट फर्म यांची नावं वेगळी असतात आणि त्यावरून कामाचा प्रकार कळतो. सीटीसीच्या आकड्यात बदलता पगार, कंपनीचा पीएफचा वाटा आणि ग्रॅच्युइटीही धरलेली असते. कायम नोकरीत ग्रॅच्युइटी साधारण पाच वर्षांनी लागू होते, त्यामुळे दोन वर्षांत सोडणार असाल तर ती रक्कम तुमची नाहीच. जॉइनिंग बोनस असेल तर किती महिन्यांत सोडल्यास परत द्यावा लागतो, हे बघा.

मुलाखतीत 'वर्क-लाइफ बॅलन्स कसा आहे?' असं विचारू नका. त्याला ठरलेलं गोड उत्तर मिळतं. त्याऐवजी विचारा की युटिलायझेशनचं लक्ष्य किती आहे, दिवसाला आठ-नऊपेक्षा जास्त तास झाले तर ते टाइमशीटवर टाकता येतात का, शेवटचा कॉल साधारण किती वाजता असतो, ज्या जागेवर मला घेताय तिथला माणूस आता कुठे आहे. शेवटच्या प्रश्नावर समोरचा क्षणभर थांबला, तर त्याच टीममध्ये वर्ष-दोन वर्षं काम केलेल्या कुणाला तरी शोधून फोन करा. कंपनीबद्दल नको, मॅनेजरबद्दल विचारा.

रुजू झाल्यावर खरे तास एका साध्या वहीत, तारखेसह, स्वतःपुरते लिहीत जा. क्लायंटची नावं आणि कागद त्यात नकोत, गोपनीयतेचा करार त्याला परवानगी देत नाही. फक्त किती वाजता आलो आणि किती वाजता संपलं, एवढंच.

आणि नोटीस पीरियडचं कलम आधीच वाचा. तो 60 किंवा 90 दिवसांचा असतो. पुढची कंपनी तितकं थांबेल की नाही, नोटीसचे दिवस पैसे भरून कमी करता येतात का, की ते फक्त मॅनेजरच्या मर्जीवर आहे, हे तिथे स्पष्ट लिहिलेलं असतं.